काँटेसाला करवत लावण्याआधी

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये सध्या एक मत फार जोरात आहे. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा ही आपल्या देशात बनलेली एकमेव ‘मसल कार’, असं ही मंडळी म्हणतात. लांबलचक बॉनेट, पुढे चार दिवे, रुंद बांधा असा तिचा थाट. पण पोटात दम नाही. तेव्हा तिचं मूळ इंजिन उतरवावं, टोयोटाचं किंवा निसानचं ताकदवान इंजिन बसवावं, मडगार्ड कापून रुंद टायर घालावेत, गाडी खाली बसवून घ्यावी आणि कारखान्याने तिच्यावर केलेला अन्याय आपण दूर करावा, असा एकूण सूर असतो. अशा गाड्या लोअर परळमध्ये, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलच्या आणि हॉटेलांच्या आवारातही अधूनमधून दिसतात. भोवती गर्दी जमते, फोटो निघतात आणि ‘गाडी वाचवलीस’ अशी शाबासकी मालकाला मिळते.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. जिचं मूळ इंजिन जागेवर आहे, जिचे चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळतात, जिचा पत्रा धड आहे, अशी काँटेसा या पद्धतीने बदलली की ती वाचत नाही, संपते. या कामामागे हौस असते, कष्ट असतात, कमावलेला पैसा ओतलेला असतो, हे मी मानतो. पण हौस खरी आहे म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. या मताच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे फुसके नाहीत. म्हणूनच त्यांना बगल न देता एकेक करून उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा हक्काचा: गाडी माझी, पैसा माझा, बाकीच्यांचा संबंध काय? कायद्याच्या बाजूने पाहिलं तरी हा हक्क वाटतो तेवढा मोकळा नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केलं, न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांचं ते खंडपीठ होतं. ठरावीक बदलांना परवानगीची वाट आहे, पण ‘माझी गाडी, मी वाटेल ते करीन’ असं कायदा म्हणत नाही. तरीही मला या मुद्द्याचं उत्तर कायद्याच्या आडून द्यायचं नाही. उद्या कायदा सैल झाला, तरी माझी हरकत कायम राहील.

ती हरकत अशी. जुनी गाडी माणसाच्या हाती थोडा काळ असते. तिच्याआधी दोन-तीन मालक होऊन गेलेले असतात, नंतरही होणार असतात. यातल्या प्रत्येकाने आपापल्या पुरता कायदेशीर निर्णय घेतला, तरी सगळ्या निर्णयांची बेरीज सगळ्या शहराला भोगावी लागते. मुंबईला याचा अनुभव आहे. इथे १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. नव्वद वर्षं या शहराने ट्राम वापरली. एकेक डबा मोडीत काढताना कोणीही कायदा मोडला नसेल. पण काही वर्षांपूर्वी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या भाटिया बागेत ट्रामचा डबा ठेवायचं ठरलं, तेव्हा तो कोलकात्याहून आणावा लागला. आपल्याच आठवणीसाठी दुसऱ्या शहराकडे हात पसरण्याची ही पाळी कोणा एकाच्या गुन्ह्यामुळे आली नाही. प्रत्येक वेळी ‘हा एक डबा गेला तर काय बिघडतं’ असा हिशेब झाला, म्हणून ती आली.

दुसरा मुद्दा सुधारणेचा: मूळ काँटेसा दुबळी होती, आम्ही तिला हवी तशी करतोय. ती दुबळी होती, यात शंका नाही. तिचा सांगाडा सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश व्हॉक्सहॉल गाडीचा. तिथे ती गाडी बंद झाली आणि तिची साधनसामग्री हिंदुस्तान मोटर्सने कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यासाठी विकत घेतली. १९८४ साली काँटेसा बाजारात आली, तेव्हा त्या ऐसपैस देहात बसवलेलं इंजिन अँबॅसॅडरचंच होतं: १४८९ सीसी, ताकद जेमतेम ५० अश्वशक्ती. घाटात ही गाडी धापा टाकायची. पुढे जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं, सुमारे ८८ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा तिला खरी चाल मिळाली. त्यानंतर इसुझूचंच डिझेल इंजिन आलं. २००२ साली उत्पादन थांबलं.

आता या इतिहासाकडे जरा थांबून पाहा. एवढ्या मोठ्या गाडीला एवढं लहान इंजिन का बसवलं? परवान्यांच्या त्या काळात परकीय चलन तुटपुंजं होतं. नवं इंजिन उभारायला भांडवल आणि सरकारी परवानगी दोन्ही लागत. हाताशी जे होतं त्यावर भागवावं लागे. श्रीमंत गिऱ्हाइकालाही बाजारात पर्याय नव्हता, त्यामुळे कारखान्याला घाई नव्हती. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांना दार किलकिलं झालं, १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, आणि मग काँटेसालाही इसुझूची जोड मिळाली. पहिल्या खेपेची ५० अश्वशक्तीची काँटेसा आणि नंतरची इसुझूवाली काँटेसा शेजारी शेजारी उभ्या करा, दोन्हींची बॉनेटं उघडा. देशाचं आर्थिक धोरण कसं बदलत गेलं, हे शाळकरी पोरालाही कळेल. दोन्हींत एकच टोयोटा इंजिन बसवलं, तर दोन्ही गाड्या एकच गोष्ट सांगतील: मालकाला वेग आवडतो. त्यासाठी काँटेसा कशाला हवी?

शिवाय इंजिन बदलून काम थांबत नाही, हे गॅरेजवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. ५० किंवा ८८ अश्वशक्तीच्या हिशेबाने बनवलेले ब्रेक दोनशे अश्वशक्तीला पुरत नाहीत, म्हणून ब्रेक बदलावे लागतात. मग गिअरबॉक्स, मग मागचा एक्सल, मग सस्पेन्शन. नवं इंजिन बसण्यासाठी पुढचा पत्रा कापावा लागतो, माउंटिंग नव्याने जोडावी लागतात. रेडिएटर मोठा, वायरिंग नवं, डॅशबोर्ड नवा. शेवटी मूळ गाडीचं काय उरतं? छप्पर, दारं आणि बॉनेटवरची अक्षरं. याला सुधारणा म्हणणं मला पटत नाही.

यावर एक चतुर उत्तर मिळतं. काँटेसा स्वतःच भेसळीची आहे: सांगाडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचं. प्रीमियरनेही १९८५ साली ११८ एनई काढली, तेव्हा फियाट १२४ च्या सांगाड्यात निसानचं ११७१ सीसीचं इंजिन बसवलं. कारखान्यांनी केलं ते चाललं, मग आम्ही केलं तर पाप कसं? मुद्दा बिनतोड वाटतो, पण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. कारखान्याने केलेली जुळणी त्या काळाच्या गरजेतून झाली. सरकारच्या परवानगीने ती झाली, तिची कागदपत्रं आहेत आणि त्या जुळणीच्या हजारो गाड्या देशभर धावल्या. डॉक्टरांनी, वकिलांनी, कारखानदारांनी, सरकारी अधिकाऱ्यांनी त्या वापरल्या. ती जुळणी हाच आपल्या मोटारधंद्याचा इतिहास आहे आणि जपायचा आहे तो नेमका तोच. आज एकेका मालकाने आपल्या आवडीने केलेली जुळणी त्या इतिहासात भर घालत नाही, त्याच्यावर बोळा फिरवते.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. आम्ही घेतली नसती, तर ही गाडी भंगारात गेली असती. सोसायटीच्या आवारात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली, टायर बसलेली, तळाचा पत्रा गंजून गेलेली, इंजिन केव्हाच कोणीतरी काढून नेलेलं, अशी गाडी कोणी उचलली आणि तिला नवं इंजिन बसवून रस्त्यावर आणली, तर मी त्याला हात जोडीन. त्या गाडीत जपण्यासारखं मूळ असं फार काही उरलेलंच नव्हतं. तिच्यावर खुशाल प्रयोग करावेत. माझा वाद तिथे नाही.

पण प्रत्यक्षात निवड कोणत्या गाडीची होते, ते पाहा. गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडायचा, तर डेंटरचे महिने जातात आणि खर्च हाताबाहेर जातो. म्हणून ज्याला मोठं इंजिन बसवायचं आहे, तो चांगल्या पत्र्याची, पूर्ण कागदपत्रांची, एकाच घरात सांभाळलेली गाडी शोधतो. म्हणजे वाचवायला सगळ्यांत सोपी असलेली गाडीच आधी करवतीखाली जाते. उतरवलेलं मूळ इंजिन वजनावर विकलं जातं, कुर्ल्याच्या भंगारात पोचतं, आणि तिथून पुन्हा त्याच गाडीकडे परत येत नाही. ‘भंगारातून वाचवली’ हे वाक्य अशा गाडीला लागू पडत नाही. तिचा अर्धा भाग याच माणसाने भंगारात घातलेला असतो.

चौथा मुद्दा पैशाचा आणि वापराचा. मूळ रूप जपणं म्हणजे श्रीमंतांचा गुंतवणुकीचा खेळ, गाड्या झाकून ठेवायच्या आणि भाव वाढला की विकायच्या. गाडी चालवण्यासाठी असते, असं म्हटलं जातं. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. गाडी चालवण्यासाठीच असते. वर्षानुवर्षं न चालवलेल्या गाडीचे सील सुकतात, टाकीत गंज धरतो, ब्रेक अडकतात. पण मूळ काँटेसा चालवता येत नाही, असं कोणी सांगितलं? ती सावकाश चालते, एवढंच. पुण्याला जाताना खंडाळ्याच्या घाटात खालच्या गिअरवर घ्यावी लागते. जुन्या गाडीची हौस असलेल्याला हे जड जात असेल, तर त्याला हौस जुन्या गाडीची नसून वेगवान गाडीची आहे. ती हौसही चांगली आहे, पण तिच्यासाठी बाजारात नव्या गाड्या आहेत.

पैशाबद्दल मला वेगळंच म्हणायचं आहे. परदेशात मूळ अवस्थेतल्या गाडीला प्रचंड भाव येतो, हे खरं. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत लिलावात ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. ती चकचकीत केलेली नव्हती. रंग विटलेला होता, आणि चित्रीकरणाचा कॅमेरा बसवण्यासाठी खाली जोडलेले लोखंडी तुकडेही तसेच होते. पण मी काँटेसा जपा म्हणतो ते भाव वाढेल म्हणून नाही. काँटेसाला कोट्यवधींचा भाव येणार नाही, कदाचित कधीच येणार नाही. जपण्याचं कारण फक्त भाव असेल, तर भाव नसलेली प्रत्येक गोष्ट मोडायला आपण मोकळे होऊ. त्या मस्टँगकडून शिकण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. मालकांनी तिच्या अंगावरच्या खुणा पुसल्या नाहीत.

वापराच्याच संदर्भात एक गोष्ट या वादात कोणी बोलत नाही, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते: मिस्त्रीची. लालबाग, परळ, भायखळा या पट्ट्यात छोट्या गॅरेजांत अजूनही असे हात आहेत, ज्यांना कार्बोरेटर खोलून साफ करता येतो, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासून त्यांची फट लावता येते, टॅपेटचा आवाज ऐकून कुठला सैल आहे ते सांगता येतं, कानाने टायमिंग लावता येतं. डेंटर हातोडी आणि ठोकळा घेऊन चेपलेला मडगार्ड असा सरळ करतो की पुट्टी कमीत कमी लागते. न मिळणारा सुटा भाग लेथवर बनवून घेतला जातो. हे ज्ञान वर्षानुवर्षं उस्तादाच्या हाताखाली राहून मिळालेलं आहे, आणि ते टिकायला एकच गोष्ट लागते: त्या जातीची इंजिनं चालू अवस्थेत असणं. प्रत्येक मूळ इंजिन उतरवलं की त्या मिस्त्रीचं एक गिऱ्हाईक कमी होतं. त्याच्या जागी बसतं संगणकावर चालणारं इंजिन, ज्याचा बिघाड लॅपटॉप लावून शोधतात. तेही कौशल्य आहे, पण ते मिळण्याची जागा कमी नाही. पॉइंट लावणारा हात एकदा गेला की परत आणायला जागा उरणार नाही. मूळ गाडी जपणारा मालक आपल्या खिशातून या कौशल्याचा पगार देत असतो.

पाचवा मुद्दा अमेरिकेचा. मसल कार ही मुळात तिकडची गोष्ट आणि तिकडे गाड्या बदलण्याची मोठी परंपरा आहे. जुन्या फोर्ड गाड्यांची छपरं कापून त्यांना मोठी इंजिनं बसवणं ही तिथे मान्य कला आहे, मग आम्हीच सोवळं का पाळायचं? उत्तर संख्येत आहे. फोर्डने एप्रिल १९६४ मध्ये मस्टँग विकायला काढली आणि मार्च १९६६ पर्यंत दहा लाख गाड्या बनवल्या. त्यातल्या हजारो कापल्या तरी हजारो उरतात. काँटेसाचं अठरा वर्षांचं सगळं उत्पादन त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. त्यातही किती भंगारात गेल्या, किती अपघातांत गेल्या आणि किती गाड्यांत घरच्या लोकांनी पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलं. उरलेल्या मूळ गाड्या थोड्या आहेत. ज्याच्याकडे कोठारं भरलेली आहेत त्याची उधळपट्टी आपण उचलली, तर आपली मूठभर शिल्लक एका पिढीत संपेल. आणि ज्या अमेरिकेचा दाखला दिला जातो, तिथल्या मोठ्या प्रदर्शनांत आज हात न लावलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो. त्यांनाही हे शहाणपण उशिराच आलं.

आता माझ्याच भूमिकेवर येणारा प्रश्न. मूळ रूप म्हणजे शोरूममधून बाहेर पडताना होती तशी गाडी, असं धरलं, तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं काय करायचं? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या गेल्या, मग फियाट आली. १०८९ सीसी इंजिनाची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली ती फियाट १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. टॅक्सी म्हणून धावताना तिच्यात किती बदल झाले! डिकीत सीएनजीची टाकी आली, टपावर सामानाचा कॅरिअर आला, मीटर लागला, आतल्या छताला फुलाफुलांचं रेक्झिन लागलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. तिच्यातले बदल तुम्ही वारसा म्हणून जपाल आणि आमच्या काँटेसातले बदल मात्र नासाडी ठरवाल, हा दुटप्पीपणा नाही का?

नाही. सीएनजीची टाकी टॅक्सीवाल्याने हौसेने बसवली नाही. शहराची हवा बिघडली, न्यायालयाने आदेश दिले, पेट्रोल परवडेना, म्हणून ती बसली. कॅरिअर आला, कारण गावाहून येणारी माणसं बोचकी घेऊन दादरला, परळला, बॉम्बे सेंट्रलला उतरत होती. गाडी रोजच्या कामात असताना त्या कामानेच तिच्यावर उमटवलेल्या या खुणा आहेत. त्या काढून टाकून पद्मिनी पुन्हा शोरूमसारखी पांढरीशुभ्र करणारा माणूसही माझ्या मते चुकतो. तो टॅक्सीचं सगळं आयुष्य पुसून टाकतो. म्हणूनच माझा विरोध एकाच गटाला नाही. जो कापतो त्याला आहे, आणि जो जुन्या रंगाचा शेवटचा पापुद्रा खरवडून, प्रत्येक मूळ नटबोल्ट बदलून गाडी नव्याहून नवी करतो त्यालाही आहे. दोघेही गाडीने जगलेली वर्षं नाकारतात.

हा भेद काही मी शोधलेला नाही. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ ‘फीवा’ याने २०१३ साली ‘ट्युरिन सनद’ लागू केली. तिचा आधार ऐतिहासिक वास्तूंसाठीची १९६४ ची व्हेनिसची सनद आहे. सनदेचा रोख साधा आहे: आधी आहे ते जपा. मग गरजेपुरती दुरुस्ती करा. वाहनाच्या आयुष्यात झालेले बदलही त्याच्या इतिहासाचा भाग समजा. सुरक्षेसाठी किंवा कायद्यासाठी नवं काही बसवावं लागलंच, तर ते ओळखता येईल आणि पुन्हा काढता येईल असं बसवा. या शेवटच्या अटीत सगळ्या वादाचा व्यवहार्य तोडगा आहे. काँटेसाला सीटबेल्ट लावा, दिव्यांची ताकद वाढवा, ब्रेकला बूस्टर हवा असेल तर बसवा, रेडिएटरला विजेचा पंखा लावा. फक्त पत्रा कापू नका, आणि काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवा. विजेवर गाडी करण्याबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांची मान्यता असलेला संच, काहीही न कापता बसत असेल आणि मूळ इंजिन त्याच गाडीबरोबर राहत असेल, तर त्याला विरोध करायचं कारण नाही. पण वर्षाकाठी चार रविवार निघणाऱ्या गाडीने हवा बिघडते म्हणून तिचं इंजिन भंगारात द्या, हा युक्तिवाद मला मान्य नाही.

लोअर परळमध्ये राहणाऱ्या माणसाला हे सगळं इतकं का लागतं, ते आता सांगतो. सांगाडा ठेवून आतलं सगळं काढून टाकणं म्हणजे काय, हे आम्ही गाडीच्या कितीतरी पटीने मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. काँटेसा रस्त्यावर आली त्या वर्षी इथल्या घराघरांत तो संप मुक्कामाला होता. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करण्याची वाट आखली, २००१ साली तो नियम बदलून ती वाट अधिक सैल केली. फिनिक्स मिलची चिमणी राहिली, आवाराचं नाव राहिलं, काही ठिकाणी दगडी भिंती आणि उतरती छपरंही राहिली. आतले माग, चात्या, साचे वजनावर विकले गेले. साचेवाला, जॉबर, बदली कामगार ही माणसं आणि त्यांचं कसब यांना जागा उरली नाही. त्या भिंतींआड आज जेवायला बसणाऱ्या मुलाला तिथे काय चालत होतं, हे भिंत सांगत नाही. सांगणारं यंत्र तिथे नाही.

गिरण्यांच्या बाबतीत निर्णय सामान्य माणसाच्या हातात नव्हता. जमिनीचा भाव, मालक, सरकार, न्यायालयं अशा बलाढ्य शक्ती समोर होत्या. मोर्चे निघाले, खटले लढले गेले, तरी फार थोडं वाचलं. काँटेसाच्या बाबतीत तसं नाही. इथे निर्णय एका मालकाच्या हातात आहे, आणि मोडायला त्याला कोणी भाग पाडत नाही. जे आपल्यावर लादलं गेलं म्हणून आपण हळहळतो, तेच आपल्या दारातल्या वस्तूच्या बाबतीत स्वखुशीने का करायचं?

सरकारकडेही मागणी आहे, कारण सगळा भार मालकाच्या चांगुलपणावर टाकून चालणार नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, जिच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये, नंतरच्या नोंदणीला ५ हजार. नियम चांगला आहे, पण पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतची पस्तीस वर्षं गाडीने कशी काढायची? या काळात कायद्याच्या नजरेत ती फक्त जुनी गाडी असते. पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करावी लागते, तिचं शुल्क २०२२ साली एकदम ५ हजारांवर गेलं, आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १० हजार पडतात. मूळ रूप नेटाने सांभाळणाऱ्याला आणि धूर ओकणारी गाडी दामटणाऱ्याला एकच दर. फीवा तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक मानते. महाराष्ट्राने तोच आकडा धरून, मूळ इंजिन आणि सांगाडा असलेल्या तीस वर्षांवरच्या गाड्यांची वेगळी नोंदवही प्रत्येक आरटीओत उघडावी, वापरावर मर्यादा घालावी आणि बदल्यात शुल्क कमी करावं. ताडदेवपासून सुरुवात करावी. पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंद जिथे झाली, त्या कार्यालयाला हा मान शोभेल.

गॅरेजवाल्यांनाही एक विनंती. गिऱ्हाईक काँटेसा घेऊन आलं आणि ‘इंजिन बदला’ म्हणालं, की आधी बॉनेट उघडून नंबर पाहा. जुळत असतील, तर त्याला दुसरी, आधीच उघडी पडलेली गाडी शोधून द्या. तुमचं काम जाणार नाही, कारण तशा गाड्या पुष्कळ आहेत. जुळणाऱ्या नंबरांची गाडी मात्र तुमच्या दारात रोज येणार नाही.

पहिल्या काँटेसा २०३४ साली पन्नास वर्षांच्या होतील. नियम हाच राहिला, तर त्या वर्षी आरटीओचा अधिकारी बॉनेट उघडून एकच गोष्ट पाहील: इंजिन तेच आहे का, सांगाडा तोच आहे का. कापलेल्या गाडीच्या मालकाला तेव्हा कितीही वाटलं आणि त्याच्याकडे कितीही पैसा असला, तरी ‘होय’ म्हणता येणार नाही. बदल करायचा असेल तर तो २०३४ नंतरही करता येईल, पुढच्या कुठल्याही वर्षी करता येईल. मूळ रूप राखायचं असेल, तर मात्र निर्णय आज, गाडी गॅरेजमध्ये नेण्याआधी घ्यावा लागेल. दोन वाटांपैकी एका वाटेवरून परत फिरता येतं आणि दुसरीवरून येत नाही, तेव्हा जबाबदार माणसाने कोणती वाट धरावी, यात मला तरी शंका वाटत नाही.